टोपलीखालचं पाऊल

सुका नाईकाच्या गोष्टी सांगणारी माणसं जळगाव-धुळ्याकडे अजून भेटतात. एरंडोलजवळची बैलजोडी त्यानं कशी शोधली, वाळूत पुसलेला माग नदीच्या पलीकडच्या काठावर कसा उचलला, लग्नाच्या मांडवातल्या शेदीडशे पायांतून एक पाय कसा निवडला. ऐकणारे माना डोलावतात. या सगळ्या गोष्टींत शेवटी सुका नाईक जिंकतो.

मी त्याच्याबरोबर सहा वर्षं काढली. त्याच्या त्या काळातल्या प्रत्येक मागाचा पंचनामा माझ्या अक्षरात आहे. त्यामुळे त्या गोष्टी मला पाठ आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. पण एक माग लोकांच्या गोष्टींत नाही. तो सुकाच्या स्वतःच्या दारात जाऊन थांबला. लोक तो सांगत नाहीत, कारण त्यांना तो ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण त्यात माझाही हात आहे.

माझं आधी सांगतो, म्हणजे पुन्हा मध्ये यायला नको. मी गिरणाकाठचा, भडगावजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील कागदावर अंगठा उठवायचे आणि मग तो धोतराला पुसायचे, जणू काही लबाडी केलीय. मी बी.ए. झालो. हे मी लाजून लिहीत नाही, मला त्याचा अभिमान होता आणि आहे. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. नोकरी लागली ती केळीच्या मुलखातल्या एका पोलीस ठाण्यात, लिहिण्याच्या कामावर. ठाण्याचं नाव सांगत नाही. तिथे मला सगळे 'रायटर' म्हणत. घरची अहिराणी मी गावच्या वेशीवरच ठेवून आलो होतो. ठाण्यात मी पुस्तकातलं बोलायचो.

रुजू झालो त्या दिवशी ठाण्याच्या ओसरीबाहेर मातीत एक बुटका, वाळका माणूस उकिडवा बसला होता. अंगात कोपरी, डोक्याला मळकं पागोटं, पायात काही नाही. मी त्याच्यासमोरून गेलो, आत जाऊन हजर झालो, बाहेर आलो. तोवर तो माझ्या बुटांच्या ठशांकडे बघत होता.

"रायटरभाऊ," तो म्हणाला, "जोडा नवा शे. पाय जुना शे."

"म्हणजे?"

"तुमी मोठा व्हयेपावत अनवानी फिरनात. आनि उजवा खांदावर वझं वाही नेत. पाय आजून तिकडेच दाबस."

मी उजव्या खांद्यावर वैरणीचे भारे वाहिले होते, सोळाव्या वर्षापर्यंत. नवा कोट घालून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हे चारचौघांत ऐकायला आवडत नाही. मी निघून गेलो. मागे जमादार हसला. पुढे कित्येक दिवस मी सुका नाईकाच्या समोरून जाताना गवतावरून जायचो.

तो पागी होता. पागी म्हणजे पायांचा माग काढणारा. जातीनं भिल्ल, मूळचा धुळ्यापलीकडे साक्रीच्या बाजूचा. तिथे बापाच्या पाठीमागे गावाचं जागल्याचं काम केलेलं. तो मुलूख उघडा. मुरमाड माळ, खुरटी झुडपं, वर नुसतं आभाळ. त्या माळावर त्याचा डोळा तयार झाला. एका मोठ्या चोरीत त्यानं माग धुळ्याहून थेट आमच्या हद्दीत आणून दिला, तेव्हा आमच्या साहेबांनी त्याला ठेवूनच घेतलं. गणवेश नाही, बिल्ला नाही. ठाण्यामागे बाभळीच्या कुंपणाला लागून त्याची झोपडी. त्यात तो, बायको जमनाबाई, सगळ्यांची जमनाक्का, आणि एकुलता मुलगा रतन.

त्याच्या कामाची रीत ठरलेली होती. चोरी झाली की गावच्या पोलीस पाटलानं पहिलं काम करायचं ते टोपल्या गोळा करण्याचं. जिथे जिथे पाऊल दिसेल तिथे टोपली पालथी घालायची, म्हणजे वारा, कोंबडी, बघे, कुणी ते मोडत नाही. सुका पोचला की एकेक टोपली उचलायचा. उन्हाकडे तोंड करून बसायचा, म्हणजे ठशाच्या कडेची सावली उठून दिसते. मग गवताची एक काडी घेऊन टाचेपासून अंगठ्यापर्यंत मापायची, तेवढ्यावर मोडायची आणि पागोट्यात खोचायची. जितके माग चालू तितक्या काड्या पागोट्यात. माग संपला की ती काडी चुलीत. ठशावर पाय तो कधी द्यायचा नाही, ओलांडायचाही नाही. सवय इतकी मुरलेली की स्वतःच्या घरातही भिंतीच्या कडेनंच चालायचा.

चोराला तो चोर म्हणत नसे. 'पाव्हना' म्हणायचा. पाव्हना आठून उना, आठे बसना, आठे त्याले खोकला उना, म्हणजे इथून आला, इथे बसला, इथे खोकला. संशयित समोर उभे केले की हा तोंडावर हात धरून खाली बघायचा. "तोंडं नका दखाडू माले. पाय दखाडा." जमादार त्याची टिंगल करायचा.

"काय नाईक, बायकोला तरी तोंडानं ओळखतो का पायानं?"

"पायनी, जमादारभाऊ. पाय भांडत नही."

एरंडोलच्या बैलजोडीचं प्रकरण मी स्वतः पाहिलेलं आहे, म्हणून एवढं एकच सांगतो. माग एका गावच्या शिवेपर्यंत गेला. आमच्याकडे जुना रिवाज होता की माग ज्या गावच्या शिवेत शिरला, त्या गावानं तो पलीकडे बाहेर पडलेला दाखवायचा. नाही दाखवला तर चोरी त्या गावाच्या माथ्यावर. नव्या कायद्यात हे कुठेच नव्हतं, पण लोकांच्या मनात होतं. तिथला पाटील छाती काढून आला.

"आमच्या गावात चोर नाही, नाईक. जा परत."

सुकानं जवळची टोपली शिवेवरच्या खुराच्या शेवटच्या ठशावर पालथी घातली आणि शेजारी मांडी ठोकून बसला.

"मंग माग भाईर काढी दखाडा, पाटील. मी चालनू."

"आणि नाही दाखवला तर?"

"ते मी आठेच शे."

तो दोन दिवस तिथे बसून होता. गावातून भाकरी आली ती घेतली नाही, कारण ज्या गावावर माग आहे त्या गावचं अन्न खायचं नाही. पाण्याला सुद्धा मला शेजारच्या गावी पिटाळलं. बी.ए. झालेल्या माणसाला कळशी घेऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी बैलजोडी शिवेवर आणून बांधलेली होती. कुणी बांधली ते कुणी सांगितलं नाही, सुकानंही विचारलं नाही. काडी चुलीत गेली.

अशा माणसाचा शब्द ठाण्यात आणि कोर्टात दगडावरची रेघ झाला होता. मॅजिस्ट्रेट त्याला ठसा कुणाचा एवढंच विचारत नसत, ठसा कधीचा हेही विचारत. ते तो दवावरून सांगायचा. हिवाळ्याच्या दिवसांत रात्री दव पडतं. संध्याकाळच्या ठशावर दवाचे बारीक टिपके उठतात, सकाळी वर पातळ पापुद्रा धरतो. दव पडून गेल्यावर, म्हणजे पहाटे उठलेला ठसा स्वच्छ राहतो. हे त्यानंच मला शिकवलं होतं.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. केळीच्या एका बागायतदाराच्या मळ्यातल्या घरातून चांदीचे दागिने गेले. पहाटे गेले असावेत, कारण मध्यरात्रीनंतर रखवालदारानं घराला फेरी मारली तेव्हा कुलूप शाबूत होतं. आम्ही ऊन वर यायच्या आत पोचलो. केळीच्या दोन ओळींमधून घराच्या मागच्या दारापर्यंत पावलं गेली होती आणि परत आली होती. पाटलानं टोपल्या मांडून ठेवल्या होत्या. सुकानं पहिली टोपली उचलली.

तो फार वेळ बसला. मापायला काडी घेतली, मापली, पण मोडली नाही. दुसरी टोपली उचलली. तिसरी. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्याचं उघडं डोकं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"लिखा, रायटरभाऊ," तो म्हणाला. "पाय मना आंडोरना शे. रतन सुका."

आंडोर म्हणजे मुलगा. मी उचललेली लेखणी तशीच राहिली. रतन त्याच मळ्यात केळीला पाणी भरण्याच्या कामावर होता, सगळ्यांना ठाऊक होतं. फौजदारसाहेब म्हणाले, "अरे, तो इथं कामाला आहे. त्याचे पाय असणारच. कधीचे आहेत ते सांग."

सुका पुन्हा वाकला. बोटाच्या टोकानं ठशाच्या कडेला अगदी अलगद लावून पाहिलं.

"दव नही याना वर. पहाटना आंगे. ताजा शे."

"नाईक, विचार करून सांग."

"करा शे, साहेब."

मी लिहिलं. 'सदर पाऊल दव पडल्यानंतरचे, ताजे आहे.' वळणदार अक्षरात लिहिलं. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाप असावा तर असा, असं मला वाटलं. पंचांपैकी एकानं सुकाच्या पायाला हात लावला. तो पाय मागे घेऊन उठला, ती काडी मोडली आणि पागोटं बांधून त्यात खोचली.

रतन वीस-एकवीस वर्षांचा. बापासारखाच बुटका, पण मान वर करून चालणारा. आपण घराच्या मागच्या दाराशी आदल्या संध्याकाळी गेलो होतो, असं तो म्हणाला. उद्या कोणत्या पाटाला पाणी सोडायचं ते मालकिणीला विचारायला गेलो होतो. मालकीण म्हणाली, "आला असंल, मला आठवत नाही." वकील म्हणून कुणी नव्हतंच. मॅजिस्ट्रेटनी निकालात लिहिलं की जन्मदाता पिता मुलाविरुद्ध खोटं बोलेल हे संभवत नाही. एक वर्ष. धुळ्याचा तुरुंग.

कोर्टातून नेताना रतन बापाजवळ थांबला. शिपायानं थांबू दिलं.

"बा," तो म्हणाला, "तू पायले इचारं. माले नही इचारं." मला विचारलं नाहीस, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

सुका खालीच बघत होता. बाजारात, चावडीवर, बारमाही पाण्याच्या आडावर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. असा सच्चा माणूस होणे नाही, म्हणायचे. साहेबांनी त्याला बक्षीस म्हणून धोतरजोडी दिली. ती त्यानं घडीसकट झोपडीच्या आढ्याला टांगून ठेवली. रतनची काडी मात्र चुलीत गेली नाही. ती एकटीच पागोट्यात होती.

त्याच हिवाळ्यात, माघाच्या सुमाराला, दुसऱ्या एका मळ्यातून केळीचे घड तोडून नेल्याची तक्रार आली. मामला किरकोळ. आम्ही संध्याकाळी जाऊन बघून आलो, उजेड गेला म्हणून परतलो, आणि सकाळी पुन्हा गेलो. सुका पुढे, मी मागे. केळीच्या ओळीत शिरल्यावर तो एकदम थांबला.

"रायटरभाऊ, हाऊ जोडा तुमना ना?"

माझ्याच बुटाचा ठसा होता. टाचेचा एक खिळा निघालेला होता, त्यावरून मलाही कळला.

"हो. माझाच."

"आते उठना?"

"आत्ता कुठं? आत्ता तर मी तुझ्या मागं आहे. कालचा आहे. संध्याकाळचा."

तो त्या ठशाशी बसला. ठसा स्वच्छ होता, आत्ताच पाय उचलल्यासारखा. तो कितीतरी वेळ वर बघत राहिला. वर केळीची पानं एकमेकांत गुंतून मांडवासारखी झाली होती. पानांच्या टोकांवरून थेंब ओघळून मधल्या पाटात पडत होते.

"आठे दव पडत नही का?" त्यानं विचारलं.

"केळीखाली कसलं दव?" मी म्हणालो. "पानंच झेलतात ते. लहानपणी आम्ही थंडीचं केळीतच झोपायचो, गोधडी कोरडी राहते म्हणून..."

आणि माझी नजर पुन्हा त्या ठशावर गेली.

मला ठाऊक होतं. माझ्या बापाची गिरणाकाठी दोन पांड जमिनीत केळी होती. ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नव्हती. तो साक्रीच्या उघड्या माळावरचा माणूस, त्याला केळीची सावली ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. आणि मी त्या दिवशी त्याच्या शेजारी उभा राहून सुंदर अक्षरात 'ताजे' लिहीत होतो. माझ्या डोक्यातही आलं नाही. डोकं सगळं अक्षरात आणि त्या बापाच्या सच्चेपणात गुंतलं होतं.

सुका उठला आणि ठाण्याकडे चालू लागला, केळीच्या चोरांचा माग तसाच टाकून. मी मागे. ठाण्यात आल्यावर त्यानं माझ्या टेबलासमोर बैठक मारली.

"लिखा. मी, सुका नाईक. मी चुकनू. पोऱ्याना पाय सांजना व्हता."

मी दोन प्रती लिहिल्या. दोन्हींवर त्यानं अंगठा उठवला. एक साहेबांपुढे ठेवली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

"नाईक, आजवर तुझ्या शब्दावर किती जण आत गेले? हा कागद वर गेला की उद्या त्या सगळ्यांचे वकील या दारात उभे राहतील."

"ते सगळा माग उघडा माळवरना, साहेब. ते बरोबर. हाऊ एक चुकना."

"कोर्टाला माळ आणि केळी कळत नाही."

"मना पोऱ्याले कळस."

साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. "बघू," म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "रायटर, दुसरी प्रत कुठं आहे ते मी विचारत नाही. पण नोकरी नवी आहे तुमची."

ती दुसरी प्रत मी जळगावच्या मोठ्या कोर्टाला पाठवू शकत होतो. रजिस्टर टपालानं, माझ्या नावानं. सुकाला पत्ते, कचेऱ्या ठाऊक नव्हत्या, मला होत्या. त्यासाठीच तर शिकलो होतो. माझ्या पगारावर गावी पाच माणसं जेवत होती, हे खरं आहे. पण ते कारण नाही. मी भ्यालो. ती प्रत माझ्या ट्रंकेत राहिली. अजून आहे.

सुका रोज सकाळी ओसरीबाहेर येऊन बसायचा. "उना का कागद?" एवढंच विचारायचा. मी नाही म्हणून मान हलवायचो. दोन महिन्यांनी त्यानं विचारणं सोडलं. मला वाटतं, माझ्या चालीवरून त्याला कळलं असावं की कागद कुठेच गेलेला नाही.

मागाला बोलावलं की तो जायचा, पण आता नुसतं सांगायचा, "पाय याना शे." कधीचा, असं विचारलं की म्हणायचा, "कवय ते नका इचारू." एकदा कोर्टातही हेच म्हणाला. वकील हसले. त्यानंतर त्याला बोलावणं कमी कमी होत गेलं.

रतनची सुटका पुढच्या हिवाळ्यात होती. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी सुका एस.टी.नं धुळ्याला गेला. आढ्याला टांगलेली ती धोतरजोडी त्यानं उतरवून बरोबर घेतली होती. रतनला नेसायला. तुरुंगाच्या दाराशी तो रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस बसला. मग पहारेकऱ्यानं चौकशी करून सांगितलं, माफीचे दिवस वजा करून पोराला परवाच सोडलं.

रतन धुळ्याहून चालत आला होता. ज्या दिवशी बाप तुरुंगाच्या दाराशी बसला होता, त्याच दुपारी तो झोपडीशी पोचला. जमनाक्का पाण्याला गेलेली. अंगण सकाळीच सारवलेलं, अजून ओलसर. तिनं परत येऊन पाहिलं तर कुणी नव्हतं. दाराशी एक पाऊल उठलेलं, उंबऱ्याकडे तोंड केलेलं. उंबऱ्याच्या आत काही नाही. आत न जाताच तो वळला होता. तिनं हंडा खाली ठेवला आणि टोपली आणून त्या पावलावर पालथी घातली. नवऱ्याच्या कामाची रीत तिला ठाऊक होती.

सुका आला तेव्हा मी तिथेच होतो. तिनं नुसतं बोट केलं.

"झाकी ठेयेल शे. दखा."

त्यानं टोपली उचलली. बघितलं. काडी काढून मापायची गरज नव्हती, तरी त्यानं पागोट्यातली काडी काढून ठशावर धरली. मग टोपली पुन्हा होती तशी ठेवली.

"जा ना," जमनाक्का म्हणाली. "ताजा माग शे. रातपावत गाठशी."

तो उठला आणि कुंपणाबाहेर गेला. मी त्याच्या मागे गेलो. माग स्पष्ट होता, मलाही दिसत होता. गावच्या शिवेपर्यंत तो मागाच्या कडेकडेनं गेला. तिथे थांबला. पुढे उघडी, कापूस वेचलेली शेतं होती. असा माग त्यानं डोळे मिटून काढला असता.

"चला आबा," मी म्हणालो. "फार लांब गेला नसेल."

मी त्याला पहिल्यांदा आबा म्हणालो ते तेव्हा.

"मी चोरना माग काढस, भाऊ," तो म्हणाला. "आज त्याना मांगे गऊ, ते तो परत चोर व्हई."

तो वळला. त्यानंतर सुका नाईकानं कुणाचाच माग काढला नाही. ठाण्यात सांगून टाकलं, डोळा गेला. डोळा चांगला होता. बाभळीच्या शेंगा विकून, मळ्यांतून निंदणी-खुरपणीला जाऊन ती दोघं राहिली. वर्षभरानं ती चांदी बागायतदाराच्याच घरात राहणाऱ्या भाच्यानं भुसावळला एका सोनाराकडे मोडल्याचं उघड झालं. ते सांगायला मी झोपडीवर गेलो. सुकानं ऐकून घेतलं.

"ते माले आते काय करनं?" एवढंच म्हणाला.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. बढती झाली, खुर्ची मोठी झाली. सहा-सात वर्षं गेली. मग एका कामानं त्या गावी जाणं झालं. बाजाराचा दिवस होता. सकाळीच काम आटोपलं आणि पाय ठाण्यामागच्या कुंपणाकडे वळले.

जमनाक्का अंगण सारवत होती. केस पांढरे झालेले. अंगणात दाराशी ती टोपली होती. तीच नसावी, आधीची कुजली असेल, पण जागा तीच. तिच्याभोवतीचं सारवण कितीतरी थरांनी वर चढलं होतं, त्यामुळे टोपली खळग्यात बसल्यासारखी दिसत होती. आणि तिच्याशेजारी दुसरी एक होती. लहानशी दुरडी, भाकरी ठेवायची असते तेवढी.

"ही कसली, अक्का?"

ती हसली. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मांगला महिनामा रतन उना व्हता. आसाच बजारना दिन. बायको, पोऱ्या, सगळा उनात. माले म्हने, बा कोठे शे? मी म्हनू, बजारले. पानी पिनात, घडीभर बसनात. मंग ग्यात."

"थांबला नाही?"

"नही. पन उना."

सुका झोपडीतून बाहेर आला, भिंतीच्या कडेनं. वाकला होता. पागोट्यात ती काडी तशीच. त्यानं आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. ओळख पटली ती बुटांवरून की तोंडावरून, सांगता येत नाही.

"बजारतून येवावर मी सगळं दखं, भाऊ," तो म्हणाला. बोलताना दुरडीकडे बोट होतं. "हाऊ नातू. पाच वरीसना व्हई. अंगठा मनासारखा, भाईर फिरेल. सून टाचवर दाबी चालस. पोटुशी शे. पोऱ्याना डावा पाय दुखस, काय तरी लागेल शे."

घडीभर बसून गेलेल्या माणसांबद्दल त्याला एवढं ठाऊक होतं, आणि मुलाचं तोंड त्यानं आठ-नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यानं खुंटीवरची पिशवी घेतली.

"कुठं निघालात?"

"बजारले."

"काय आणायचंय? मी आणून देतो."

"काही नही आननं," जमनाक्का सारवता सारवताच म्हणाली. "दर बजारले जातस. सांजले येतस. पिशवी तशीच."

मग मला कळलं. बाप घरी असला तर मुलगा अंगणात पाय ठेवणार नाही. म्हणून दर बाजारच्या दिवशी ती अंगण सारवून ओलं ठेवायची आणि तो घर सोडून जायचा.

"तुमी बी चला," सुका मला म्हणाला. "तुमना जोडा आठे उठना ते तो दुरूनच मांगे फिरई."

मी बूट काढून हातात घेतले. त्याच्यासारखाच भिंतीच्या, मग कुंपणाच्या कडेनं, ओल्या सारवणाला पाय न लावता बाहेर आलो. बी.ए. झाल्यावर मातीत अनवाणी चालायची ती पहिलीच वेळ. खडे टोचत होते. मी बूट पुन्हा घातले ते चावडीजवळ, तोवर त्यानं वाट पाहिली.

तिथे आमच्या वाटा फुटत होत्या. मला त्याची क्षमा मागायची होती. ट्रंकेतल्या प्रतीचं सांगायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच, रतन येईल एवढंच, आणि घरच्या बोलीत आलं.

"आबा, यी तो. तुमी घर ऱ्हाशात तवय बी यी."

त्यानं मान डोलावली.

"यी," तो म्हणाला. "कवय ते नका इचारू."

एस.टी. निघाली ती बाजारावरूनच गेली. तो निंबाखाली बसलेला दिसला, रिकामी पिशवी मांडीवर, घराकडे पाठ करून. समोरून शेकडो पाय जात होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. उन्हं केव्हा कलतील ते बघत होता.